रेडिएशन घेतलेल्या दातात सिमेंट टिकतं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात दातांचा दवाखाना चालवायचा म्हणजे तंबाखूशी रोजची गाठ. तंबाखूची पेठ निपाणी इथून तासाभरावर. शेतकऱ्याच्या खिशात चुन्याची डबी, घरातल्या आजीच्या बोटाला मिश्री, आणि २०१२ पासून राज्यात गुटख्याला बंदी असूनही टपरीच्या मागे रिकाम्या पुड्यांचा खच. त्यामुळे गालाच्या, जिभेच्या, घशाच्या कॅन्सरसाठी रेडिएशन घेऊन आलेला पेशंट आमच्या खुर्चीला नवा नाही. त्यातले बरेच जण एकच तक्रार घेऊन येतात: "डॉक्टर, भरलेला दात परत पडला." त्यांचे, त्यांच्या घरच्यांचे आणि साध्या एक्स-रेलाही बिचकणाऱ्या बाकीच्यांचे प्रश्न इथे एकत्र केलेत. तुमच्या तोंडात नेमकं काय करायचं, ते मात्र तुमच्या डॉक्टरांनी तोंड बघूनच ठरवायचं.

दाताचा एक्स-रे काढला तर आधी भरलेलं सिमेंट सुटतं का?

नाही. बिनघोर काढा.

आजच्या डिजिटल मशीनवर दाताच्या एका छोट्या एक्स-रेतून शरीराला साधारण पाच मायक्रोसिव्हर्टच्या आसपास डोस मिळतो. जमिनीतून, हवेतून, आकाशातून माणसाला आपसूक मिळणारी किरणं जगभराच्या सरासरीने वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट, म्हणजे दिवसाला साडेसहा मायक्रोसिव्हर्ट. थोडक्यात, दाताचा एक एक्स-रे म्हणजे नुसतं घरी बसून काढलेला एक दिवस.

१८९५ च्या नोव्हेंबरात राँटगेनना हे किरण सापडले आणि दोन-अडीच महिन्यांत, जानेवारी १८९६ मध्ये, ओटो वॉल्कहॉफ या जर्मन दंतवैद्याने स्वतःच्या दाढांचा एक्स-रे घेतला. त्यासाठी तो पंचवीस मिनिटं काचेची प्लेट तोंडात धरून बसला होता. आता तुम्ही "आ" करेपर्यंत काम झालेलं असतं.

मग कॅन्सरचं रेडिएशन वेगळं काय असतं?

जात तीच, पण प्रमाण कुठल्या कुठे. दाताच्या एक्स-रेत त्या जागेवर पडणारा डोस एक-दोन मिलिग्रे असतो. तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरला बहुतेकदा एकूण ६० ते ७० ग्रे देतात: रोज २ ग्रे, आठवड्यातून पाच दिवस, सहा-सात आठवडे. ग्रे म्हणजे त्या जागेने शोषलेल्या किरणांचं माप; एक ग्रे म्हणजे हजार मिलिग्रे. या पानावर पुढे जे काही लिहिलंय ते या दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे.

सिमेंट घट्ट करायला तुम्ही निळा लाईट मारता. तेही रेडिएशनच ना?

या प्रश्नाला हसू नये हे मी एका आजोबांकडून शिकलो. तेहतीस सिटिंग पूर्ण करून आले होते. सगळं नीट चाललं होतं. मी असिस्टंटला म्हणालो, "लाईट दे," आणि आजोबांनी तोंड गच्च मिटलं. "आता लाईट नको. तेहतीस झाले." आपल्याकडे रेडिएशनलाही 'लाईट घेणं' म्हणतात, कुणी 'शेक' म्हणतं. त्यांचं काही चुकलं नव्हतं, माझाच शब्द चुकला होता.

आमचा निळा लाईट म्हणजे डोळ्यांना दिसणारा साधा प्रकाश, साधारण ४५० ते ४७० नॅनोमीटरचा. सिमेंटमध्ये कॅम्फरक्विनोन नावाचा पिवळसर पदार्थ असतो. तो हा निळा प्रकाश शोषतो आणि मऊ लगदा वीसेक सेकंदांत कडक होतो. एक्स-रेसारखी पेशींतले रेणू फोडायची ताकद त्या प्रकाशात नसते. फक्त त्याच्याकडे टक लावून बघायचं नाही, म्हणून आम्ही केशरी काच आडवी धरतो. आता मी असिस्टंटला "टॉर्च दे" असं सांगतो.

मुळात सिमेंट दाताला चिकटतं कसं?

हे समजलं की पुढचं सगळं सोपं जातं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

दाताचं वरचं कवच म्हणजे इनॅमल. वजनाने त्यातला ९६ टक्के भाग खनिज. गुळगुळीत काँक्रीटवर गिलावा धरत नाही, म्हणून गवंडी आधी ते खरबरीत करून घेतो. आम्हीही तेच करतो. निळं जेल लावतो ते ३५-३७ टक्क्यांचं फॉस्फोरिक अॅसिड. पंधरा-वीस सेकंदांत इनॅमलवर डोळ्यांना न दिसणारे खळगे पडतात, पाण्याने धुऊन वाळवलं की ती जागा खडूसारखी पांढरी दिसते, आणि पातळ बॉण्ड, म्हणजे सिमेंटच्या आधी लावायचा चिकट द्रव, त्या खळग्यांत शिरून अडकून बसतो. ही युक्ती १९५५ मध्ये बुओनोकोर यांनी दाखवली आणि आजही तीच चालते.

आतला थर म्हणजे डेंटिन. त्याची तऱ्हा निराळी. सुमारे ७० टक्के खनिज, २० टक्के कोलॅजेन आणि उरलेलं पाणी. अॅसिडने वरचं खनिज गेलं की कोलॅजेनच्या धाग्यांची नाजूक जाळी उघडी पडते. ती ओलसर असेपर्यंत फुललेली राहते आणि बॉण्ड तिच्यात झिरपतो. हवेचा झोत जास्त मारला की ती उसाच्या चिपाडासारखी चपटी होते, आणि मग बॉण्ड वरच्यावर राहतो. बॉण्ड आणि कोलॅजेन मिळून जो मिश्र थर तयार होतो तो १९८२ मध्ये नाकाबायाशी यांनी नीट उलगडून दाखवला. दातरंगाचं सिमेंट, म्हणजे कंपोझिट, डेंटिनवर उभं असतं ते या काही मायक्रॉनच्या थरावर.

दुसरं सिमेंट ग्लास आयनोमर. विल्सन आणि केंट यांनी १९७० च्या सुमारास लंडनमध्ये तयार केलं. ते दातातल्या कॅल्शियमशी रासायनिक जोड करतं, बॉण्ड लागत नाही, आणि वर फ्लोराइडही सोडत राहतं. दिसायला कंपोझिटएवढं देखणं नाही.

चांदी, म्हणजे अमाल्गम, दाताला चिकटतच नाही. ती खड्ड्याच्या आकारामुळे अडकून बसते.

रेडिएशनने दातात काय बिघडतं?

किरण पाण्यावर पडले की पाण्याचे रेणू फुटतात आणि त्यातून फार चळवळ्या, अर्धवट तुकड्यांची पैदास होते. दिसेल त्याच्याशी ते झोंबतात. डेंटिनमध्ये पाणी आहे आणि कोलॅजेनही आहे, त्यामुळे मार तिथे बसतो. कोलॅजेनचे धागे जागोजागी तुटतात, त्यांची खनिजाशी असलेली पकड सैल होते. वर म्हटलेली जाळी आधीच विरलेली असेल तर तिच्यावर उभं राहणारं सिमेंट किती धरणार, हा खरा प्रश्न.

इनॅमल आणि डेंटिन जिथे भेटतात तो सांधाही कमजोर होतो. रेडिएशन घेतलेल्या तोंडात दाढेच्या टोकावरची किंवा पुढच्या दाताच्या धारेवरची इनॅमलची खपली भाकरीचा पापुद्रा सुटावा तशी निघालेली दिसते. आता इनॅमललाच धरून बसलेलं सिमेंट इनॅमलसकट निघालं, तर त्यात बॉण्डचा काय दोष?

आणखी एक. दाताच्या आतली नसही मंदावते. कीड खोल जाते तरी ठणका लागत नाही. "दुखत नव्हतं म्हणून आलो नाही," हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता ऐकलं की आधी एक्स-रे काढतो.

म्हणजे रेडिएशननंतर बॉण्ड लागतच नाही असं समजायचं का?

नाही, एवढी टोकाची गोष्ट नाही. काढलेल्या दातांवर प्रयोगशाळेत ६०-७० ग्रे सोडून, मग त्यांना सिमेंट चिकटवून, यंत्राने ओढून बघण्याचे प्रयोग अनेकांनी केलेत. काहींत पकड घटलेली दिसली, काहींत फरकच पडला नाही. इनॅमलपेक्षा डेंटिनमध्ये परिणाम जास्त, असं बरेचदा दिसतं. किरण आधी आणि सिमेंट नंतर, की सिमेंट आधी आणि किरण नंतर, यावरही निकाल बदलतो. आधी भरलेलं बरं, असं काही प्रयोगांत निघालं.

माझं मत विचाराल तर या प्रयोगांत एक मोठी उणीव राहते. डबीतल्या दाताला तोंड नसतं. काही ठिकाणी सगळा डोस एका बैठकीत देतात, खऱ्या पेशंटला तो तीस-पस्तीस सिटिंगमध्ये मिळतो. आणि डबीत कोरडं तोंड, आंबट लाळ, रात्री तीन वाजता घेतलेला गोड चहा, यातलं काहीच नसतं. बॉण्ड थोडा कमजोर होत असेल, मानतो. पण माझ्या खुर्चीत पडून येणारी बहुतेक फिलिंगं त्या कारणाने पडलेली नसतात.

मग ती पडतात कशाने?

लाळ आटल्याने.

तपासताना मी आरसा गालाच्या आत फिरवतो. निरोगी तोंडात तो सरकतो. रेडिएशन घेतलेल्या तोंडात तो गालाला चिकटतो, सोडवताना 'च्यक' असा आवाज येतो. तेवढ्यावरून मला निम्मं कळतं. जिभेखाली पाण्यासारखी लाळ साचलेली नसते. असतो तो पांढरा, तार धरणारा फेस.

कानापुढच्या पॅरोटिड ग्रंथी किरणांच्या वाटेत आल्या की पहिल्या एक-दोन आठवड्यांतच लाळ ठळकपणे घटते. आजकाल आयएमआरटी पद्धतीने किरणांची दिशा आखून निदान एका बाजूच्या ग्रंथीला सरासरी २६ ग्रेच्या आत ठेवायचा प्रयत्न होतो. तसं जमलं तर लाळ पुढे बरीच परत येते. गाठच ग्रंथीजवळ असेल तर डॉक्टरांचा नाइलाज असतो.

लाळ म्हणजे नुसती ओल नव्हे. ती अॅसिड मारते, अन्न धुते, आणि कॅल्शियम-फॉस्फेट परत दातात भरते. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका खाली तितकं आंबट. इनॅमल साधारण ५.५ पीएचच्या खाली विरघळू लागतं. मुळाचा भाग त्याहून लवकर, सहाच्या वरच. लाळ गेली की तोंड तासन् तास आंबट राहतं, अॅसिडवर पोसणारे जंतू माजतात, आणि कीड नेहमीची जागा सोडून भलत्याच ठिकाणी लागते: हिरडीलगत दाताच्या गळ्याभोवती, खालच्या पुढच्या दातांवर, दाढेच्या टोकांवर. एरवी खालचे पुढचे दात सगळ्यात शेवटी किडतात, कारण तिथे लाळेचं तळंच असतं. रेडिएशननंतर तेच आधी तपकिरी होऊन मानेपासून तुटतात.

माझीच फजिती सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत कागलकडच्या एका शेतकऱ्याच्या खालच्या सहा दातांच्या गळ्याला मी सुंदर कंपोझिट भरून दिलं होतं. चकाचक पॉलिश, रंग तंतोतंत, फोटोसुद्धा काढून ठेवला. पाचव्या महिन्यात ते चार तुकडे रुमालात बांधून घेऊन आले. तुकडे अखंड होते! उचलून भिंगाखाली बघितलं तर प्रत्येक तुकड्याच्या मागे मऊ, तपकिरी डेंटिनचा थर तसाच चिकटलेला. म्हणजे माझा बॉण्ड सुटलाच नव्हता. कडेने कीड आत गेली आणि सिमेंटखालची जमीनच खचली. फ्लोराइडबद्दल मी त्यांना एक शब्द बोललो नव्हतो.

तोंड कोरडं पडतं म्हणून खडीसाखर चघळतो. चालेल ना?

हात जोडून सांगतो, नको. खडीसाखर, लिंबाची गोळी, आवळा कँडी, उन्हाळ्यात रंकाळ्यावरचा उसाचा रस, घशाला बरं वाटतं म्हणून गुळाचं पाणी. कोल्हापूरकराला गूळ सोड म्हणणं अवघड आहे, मला कळतं. पण लाळ नसलेल्या तोंडात खडीसाखरेचा एक खडा अर्धा तास काम करतो, आणि दिवसातून दहा खडे म्हणजे पाच तास.

साधं पाणी बाटलीत ठेवून घोट घोट प्या. बिनसाखरेचं झायलिटॉलचं च्युइंग गम थोडीफार लाळ उरली असेल तर उपयोगी पडतं. गोड खायचंच असेल तर जेवणाबरोबर खा, आणि लगेच चूळ भरा. तांबड्या रश्श्याने आग होत असेल तर काही महिने सोडा. भाकरी दुधात किंवा डाळीत कुस्करून खाणारे बरेच पेशंट मला सांगतात की तेवढंच गळ्याखाली उतरतं. दुधात साखर घालू नका म्हणजे झालं.

तंबाखू आणि मिश्रीबद्दल वेगळं लिहायला हवं का?

नको. उत्तर तुम्हाला माहीत आहे.

दात रेडिएशनच्या आधी भरून घ्यायचे की नंतर?

आधी. शक्य तेवढं सगळं आधी.

कॅन्सरचं निदान झाल्या झाल्या, म्हणजे पहिल्या सिटिंगच्या दोन-तीन आठवडे आधी, दातांच्या डॉक्टरांकडे या. तेव्हा तोंड उघडतं, लाळ असते, कोलॅजेन धड असतं, आणि बॉण्ड लागण्याबद्दल कुणाच्या मनात शंका नसते. टोकदार कडा घासून घेता येतात, जुनी गळकी फिलिंगं बदलता येतात, फ्लोराइडच्या ट्रेसाठी माप घेता येतं. जे दात टिकणारच नाहीत ते याच वेळी काढायचे, आणि जखम भरायला किमान दहा-चौदा दिवस हाताशी ठेवायचे. तीन आठवडे मिळाले तर उत्तम.

पण वेळ कमी असेल तर क्रम विसरू नका. दात भरण्यासाठी कॅन्सरचा उपचार लांबवायचा नाही. काढायचे ते दात काढा, मोठे खड्डे ग्लास आयनोमरने बुजवा आणि निघा. देखणं काम नंतर करता येतं.

रेडिएशन चालू असताना दात तुटला किंवा सिमेंट पडलं तर?

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून बहुतेकांचं तोंड येतं, पाणीही झोंबतं. अशा वेळी मी ड्रिल लावत नाही. कीड हाताच्या अवजाराने खरवडतो, ग्लास आयनोमर दाबून बसवतो, टोचणारी कड गुळगुळीत करतो. पक्कं काम तोंड बरं झाल्यावर, साधारण शेवटच्या सिटिंगनंतर काही आठवड्यांनी.

सोबत केमो चालू असेल तर आधी रक्ताचा रिपोर्ट दाखवा. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट खाली असताना दातावर हात टाकण्याआधी कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन करावाच लागतो.

रेडिएशननंतर कोणतं सिमेंट चांगलं?

इथे डॉक्टरांचेही दोन तट आहेत, आणि दोघांचंही थोडं थोडं खरं आहे.

कोरड्या तोंडात ग्लास आयनोमर झिजतो, तडकतो, वर्षभरात त्याचा आकार जातो. पण त्याच्या कडेला नवी कीड कमी लागते, कारण तो फ्लोराइड सोडतो. कंपोझिट उलट. स्वतः दगडासारखं राहतं, पण कडेने कीड शिरते. माझ्या शेतकऱ्याच्या रुमालातलं आठवा. रेझिन मिसळलेला ग्लास आयनोमर या दोघांच्या मधला. आकारही बऱ्यापैकी धरतो, फ्लोराइडही देतो.

मी काय करतो ते सांगतो. दाताच्या गळ्याला, हिरडीलगत, रेझिनवाला ग्लास आयनोमर. चावायच्या जागी, जिथे चारी बाजूंनी निरोगी इनॅमल शिल्लक आहे, तिथे कंपोझिट. पेशंट रोज फ्लोराइड लावेल याची खात्री असेल तर कंपोझिटकडे जास्त झुकतो. खात्री नसेल तर दिसायला कसंही असो, ग्लास आयनोमर. "पांढरंशुभ्र भरा" असा आग्रह धरणाऱ्यांशी माझे खटके उडतात.

असा दात भरताना तुम्ही वेगळं काय करता?

अॅसिड फक्त इनॅमलच्या कडेला लावतो, डेंटिनवर नाही. डेंटिनवर सौम्य, स्वतःच खरवडून चिकटणारा बॉण्ड घासत लावतो, वीस सेकंद मोजून. यातल्या काही बॉण्डमध्ये एमडीपी नावाचा घटक असतो, तो उरलेल्या कॅल्शियमला धरतो. कोलॅजेनचा भरवसा कमी असेल तिथे हा दुसरा हात कामाला येतो. बॉण्डआधी दोन टक्के क्लोरहेक्सिडिनने जागा पुसून घेतो, कारण डेंटिनमध्येच कोलॅजेन खाणारी काही विकरं दडलेली असतात आणि ती जागी राहिली तर मिश्र थर आतून कुरतडतात.

हवा जपून मारतो. सिमेंट दोन मिलिमीटरपेक्षा जाड थराने भरत नाही.

बाकी अडचण तोंड उघडण्याची. रेडिएशनने जबड्याचे स्नायू आखडतात, त्यात गुटख्याने गाल आधीच ताठ झालेला. दोन बोटं जेमतेम जातात. दात कोरडा ठेवणारा रबराचा पडदा, म्हणजे रबर डॅम, बसत नाही, मागची दाढ आरशातूनच भरावी लागते. म्हणून अर्ध्या तासाचं काम दोन भेटींत करतो. घाई करणाऱ्या पेशंटला राग येतो, पण आखडलेला जबडा ताणून धरला तर दुसऱ्या दिवशी त्याला घास चावता येत नाही.

माझ्या दाढेत चांदी भरलेली आहे. रेडिएशनआधी काढावी लागेल का?

साधारणपणे नाही. धातूवर आपटून काही किरण परत फिरतात, त्यामुळे धातूला टेकलेल्या गालाला किंवा जिभेला काही मिलिमीटरच्या पट्ट्यात जास्त डोस बसतो आणि तिथे तोंड लवकर येतं. उपाय साधा आहे: दात आणि गालाच्या मध्ये काही मिलिमीटर जाडीचं गार्ड ठेवलं की तो पट्टा गालापर्यंत पोचत नाही. नियोजनाच्या सीटी स्कॅनमध्ये धातूमुळे रेघा उमटतात, म्हणून तोंडातलं सगळं धातूकाम रेडिएशनच्या टीमला आधी सांगा.

कॅपला हेच लागू. दात सरळ करायच्या तारा असतील तर त्या काढून घ्या. उपचार आटोपल्यावर बघू.

एवढी कटकट कशाला? सगळे किडके दात काढूनच टाका ना.

रेडिएशनच्या आधी काढायचे असतील तर बोलू. नंतर नाही.

जास्त डोस बसलेल्या हाडात, विशेषतः खालच्या जबड्यात, रक्तपुरवठा कायमचा कमी झालेला असतो. तिथे दात उपटला की खड्डा भरून येत नाही, हाड उघडं पडतं, सडतं. याला ऑस्टिओरेडिओनेक्रोसिस म्हणतात आणि तो धोका पाच-दहा वर्षांनीही संपत नाही. म्हणून ज्या दाताला एरवी मी "काढूया" म्हटलं असतं, त्याचं रूट कॅनाल करून, वरचा भाग हिरडीपर्यंत कापून, मूळ तसंच ठेवून वर सिमेंट लावतो. दात दिसत नाही, पण हाड झाकलेलं राहतं. अशा मुळावरचं छोटंसं सिमेंट टिकणं हे पुढच्या दातांच्या देखण्या फिलिंगपेक्षा कितीतरी महत्त्वाचं.

दुसऱ्या गावात, घाईत, कुणाकडे दात काढायला बसलात तर सुई टोचण्याआधी एवढं सांगा: "मी रेडिएशन घेतलंय, या बाजूला घेतलंय."

फ्लोराइडचा ट्रे म्हणजे काय? नुसती पेस्ट पुरत नाही का?

बाजारातल्या नेहमीच्या पेस्टमध्ये फ्लोराइड हजार पीपीएमच्या आसपास असतं. कोरड्या तोंडाला ते कमी पडतं. तुमच्या दातांच्या मापाचा पातळ, पारदर्शक ट्रे करून देतात, त्यात १.१ टक्के सोडियम फ्लोराइडचं जेल, म्हणजे साधारण ५००० पीपीएम, थेंब थेंब टाकून रात्री ब्रश केल्यावर पाच-दहा मिनिटं घालून बसायचं. मग थुंकायचं. चूळ भरायची नाही, अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही. मालिका बघत करा, वेळ कळत नाही.

जेल न्यूट्रल आहे ना, ते मेडिकलमध्ये विचारून घ्या. आंबट, अॅसिडवालं फ्लोराइड जेल ग्लास आयनोमरलाच खातं. म्हणजे मी भरलेलं तुम्ही रोज रात्री विरघळवणार. जेल गिळायचं नाही, आणि लहान मुलांच्या हाती लागेल असं ठेवायचं नाही.

किती दिवस? लाळ परत येत नाही तोवर. बऱ्याच जणांच्या बाबतीत कायमचं.

थायरॉइडसाठी किरणोत्सारी आयोडीन घेतलं. माझ्याही फिलिंगला धोका आहे का?

दातावर थेट मारा होत नाही, पण लाळग्रंथीही आयोडीन ओढून घेतात, आणि डोस मोठा असेल तर तोंड कोरडं पडू शकतं. पडलं असेल तर वरचं सगळं तुम्हालाही लागू: पाणी, फ्लोराइड, गोड बंद. तोंड ओलं असेल तर काळजीचं कारण नाही.

परत किती दिवसांनी दाखवायचं, आणि येताना काय आणायचं?

पहिल्या वर्षी दर दोन-तीन महिन्यांनी. दुखत नसलं तरी. गळ्याभोवतीची कीड पांढरट, खडूसारखी असताना सापडली तर नुसत्या फ्लोराइड वार्निशवर भागतं. तपकिरी झाल्यावर ड्रिल आलंच.

येताना रेडिएशनचा कागद आणा: कोणत्या बाजूला, एकूण किती ग्रे, शेवटची तारीख. फाइल जाड असेल तर घरच्या कुणाला तरी त्या एका पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवायला सांगा. ट्रे वापरत असाल तर तोही डबीत घालून आणा, सैल झाला की नवा लागतो. पडलेला सिमेंटचा तुकडा सापडला तर फेकू नका, रुमालात बांधून आणा. त्याच्या मागच्या बाजूला काय चिकटलंय ते मला बघायचं असतं.